लेख एका जागी, गल्ला दुसऱ्या जागी

"आमची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. लेख, मुलाखती, पुस्तकांच्या ओळखी, सगळं तिथंच आहे. आता पुस्तकं ऑनलाइन विकायची आहेत. मग अख्खी साइट शॉपिफायवर न्यायची, की वर्डप्रेसमध्येच दुकान उघडायचं, की दोन्ही ठेवून एकमेकांना जोडायचं?"

हा प्रश्न छोटे प्रकाशक विचारतात, नियतकालिकांचे संपादक विचारतात, आणि मसाले किंवा हातमागाच्या साड्या विकता विकता त्यांच्याविषयी लिहू लागलेले उद्योजकही विचारतात. बहुतेकांना उत्तरादाखल एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. पण नाव ठरवण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लेख प्रसिद्ध करणे आणि वस्तू विकणे ही संगणकाच्या दृष्टीने दोन अगदी वेगळी कामे आहेत. उदाहरणासाठी आपण पुण्यातला एक काल्पनिक प्रकाशक घेऊ. त्याची दोनेकशे पुस्तके बाजारात आहेत, एक दिवाळी अंक निघतो आणि वेबसाइटवर हजारभर लेख साठले आहेत.

1. दोन कामे, दोन स्वभाव

लेख लिहिणे, तपासणे, चित्र लावणे, ठरलेल्या तारखेला प्रसिद्ध करणे, चूक झाली तर आधीचा मसुदा परत आणणे ही कामे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला सीएमएस म्हणतात. वर्डप्रेस हे त्यातले सर्वाधिक वापरले जाणारे नाव. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते 27 मे 2003 रोजी प्रसिद्ध केले, तेही बी2 नावाच्या एका जुन्या लेखन-सॉफ्टवेअरच्या पायावर. म्हणजे त्याचा जन्मच लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी झाला. वर्गवारी, लेखकांची नावे, मसुद्यांचा इतिहास या गोष्टी त्याच्या हाडात आहेत.

शॉपिफायची जन्मकथा दुसऱ्या टोकाची. कॅनडातल्या ओटावा शहरात टोबी लुटके आणि त्याच्या साथीदारांनी 2004 मध्ये 'स्नोडेव्हिल' नावाचे ऑनलाइन दुकान काढले. तिथे बर्फावरून घसरत जाण्याच्या फळ्या, म्हणजे स्नोबोर्ड, विकल्या जात. तयार मिळणारी दुकान-सॉफ्टवेअर पसंत पडेनात, म्हणून लुटकेने स्वतःच प्रोग्राम लिहायला घेतला. पुढे फळ्यांपेक्षा तो प्रोग्रामच जास्त मोलाचा ठरला आणि 2006 मध्ये शॉपिफाय ही सेवा सुरू झाली. किंमत, साठा, कर, टपालखर्च, पैसे भरणे, परतावा ही तिची मूळ भाषा.

दोन्ही सॉफ्टवेअर शेवटी पडद्यावर एक पान दाखवतात, त्यामुळे ती सारखी वाटतात. फरक पानाच्या मागे आहे. लेख सर्वांना सारखाच दिसतो. साताऱ्याच्या वाचकाला आणि शिकागोच्या वाचकाला तेच शीर्षक, तोच मजकूर. त्यामुळे सर्व्हर ते पान एकदा तयार करतो, त्याची प्रत बाजूला ठेवतो आणि पुढच्या हजारो वाचकांना तीच प्रत देतो. या तयार प्रतीला कॅशे म्हणतात. लेखांच्या साइट स्वस्तात चालतात त्याचे मोठे श्रेय या प्रतीला आहे.

गिऱ्हाइकाच्या कार्टचे तसे नाही. प्रत्येकाचे कार्ट वेगळे आणि दर मिनिटाला बदलणारे. एकाची प्रत चुकून दुसऱ्याला दिली तर त्याला भलत्याच माणसाचे नाव आणि पत्ता दिसेल. म्हणून कार्ट आणि चेकआउटची पाने दर वेळी ताजी तयार करावी लागतात, आणि समोर कोण आहे हे लक्षात ठेवावे लागते. वेबच्या मूळ रचनेत ही आठवण नव्हतीच. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली याने कुकी शोधून काढली ती याच अडचणीतून. अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद सर्व्हरवर न ठेवता गिऱ्हाइकाच्या संगणकावर ठेवावी, अशी एमसीआय या ग्राहक कंपनीची मागणी होती. आज कुकी म्हटले की जाहिराती आठवतात, पण ती जन्मली दुकानाच्या टोपलीसाठी.

2. एकाच छपराखाली

दोन्ही कामे एकाच सॉफ्टवेअरने करायची असतील तर वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवतात. 2011 मध्ये वूथीम्स या कंपनीने ते आणले, आणि 2015 मध्ये मलनवेग यांच्याच ऑटोमॅटिक कंपनीने ती कंपनी विकत घेतली. प्लगइन फुकट आहे, आपल्याच सर्व्हरवर चालते, सगळी माहिती आपल्या हातात राहते. आपल्याकडच्या पेमेंट गेटवेंची, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवांची, जोडणीही त्याला मिळते.

पण लेखांसाठी बांधलेल्या घरात दुकान घातले की काय होते, हे वूकॉमर्सच्या आतल्या रचनेत फार स्पष्ट दिसते. अनेक वर्षे त्याने ऑर्डर साठवण्यासाठी वर्डप्रेसचा लेखांचाच तक्ता वापरला. डेटाबेसच्या नजरेत "दोन प्रती, साताऱ्याला पाठवा" ही ऑर्डर म्हणजे आणखी एक लेख होता, आणि गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, रक्कम ही त्या लेखाला जोडलेली टिपणे. शंभर ऑर्डरपर्यंत काही बिघडत नाही. हजारो झाल्या की एका ऑर्डरमागे टिपणांच्या कित्येक ओळी साचतात, आणि लेख शोधायलाही संगणकाला त्याच गर्दीतून वाट काढावी लागते. अखेर ऑक्टोबर 2023 मध्ये वूकॉमर्सच्या 8.2 आवृत्तीपासून नव्या दुकानांसाठी ऑर्डरींचे वेगळे तक्ते ही नेहमीची व्यवस्था झाली. लेख आणि ऑर्डर वेगळ्या ठेवाव्या लागतात हे त्या सॉफ्टवेअरने स्वतःच मान्य केले.

दुसरी अडचण गर्दीची. समजा, आपल्या प्रकाशकाच्या साइटवरचा एखादा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला आणि तासाभरात वीस हजार वाचक आले. नुसते लेख असते तर कॅशेने ते निभावून नेले असते. पण त्यातल्या पाचशे जणांनी दिवाळी अंक कार्टमध्ये टाकला, तर ती पाचशे माणसे दर पानाला ताजे काम मागतात. लेख वाचणारे आणि पैसे भरणारे एकाच सर्व्हरवर रेटारेटी करतात, आणि साइट बसली तर दोघेही बाहेर. विक्री अडते ती नेमकी ज्या दिवशी सर्वांत जास्त व्हायला हवी त्या दिवशी.

तरीही माझे मत असे की महिन्याला शंभर-दोनशे ऑर्डर असणाऱ्याने वूकॉमर्सच घ्यावे. एकच सॉफ्टवेअर शिकायचे, एकच बिल भरायचे, एकाच माणसाला फोन करायचा. जोडणीचा विचार त्यानंतरचा.

3. जोडण्याच्या तीन पद्धती

लेख वर्डप्रेसवर आणि दुकान शॉपिफायसारख्या वेगळ्या व्यासपीठावर ठेवायचे ठरले, तर दोघांमधले नाते सैल ठेवता येते किंवा घट्ट.

सर्वांत सैल नाते म्हणजे नुसता दुवा. मुख्य पत्त्यावर लेख, त्याच नावाच्या सबडोमेनवर दुकान, आणि लेखाच्या शेवटी "पुस्तक विकत घ्या" असा दुवा. वाचक दुवा दाबतो आणि दुकानात जातो. प्रोग्राम लिहावा लागत नाही. दोन्हीकडे रंग, अक्षरे, बोधचिन्ह आणि वरचा मेनू सारखा ठेवला तर बऱ्याच वाचकांना आपण दुसऱ्या साइटवर आलो हे जाणवतही नाही.

दुसरी पद्धत खरेदी बटणाची. शॉपिफायने 2015 मध्ये हे बटण आणले. दुकानात पुस्तक निवडायचे, मिळालेला छोटा कोड लेखात चिकटवायचा, की लेखातच मुखपृष्ठ, किंमत आणि बटण दिसते. किंमत लेखात लिहिलेली नसते. पान उघडताच ती दुकानातून येते, त्यामुळे दुकानात बदलली की लेखातही आपोआप बदलते. पैसे भरण्याचे काम दुकानाच्याच सुरक्षित पानावर होते. बिगकॉमर्स या ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या व्यासपीठाने 2018 मध्ये वर्डप्रेससाठी खास प्लगइन काढून याच्या एक पाऊल पुढची सोय केली. वस्तूंची सगळी यादी वर्डप्रेसमध्ये दिसते, पण ऑर्डर आणि पैसे बिगकॉमर्सकडेच राहतात.

तिसरी पद्धत सर्वांत घट्ट, तिला हेडलेस म्हणतात. दुकान-सॉफ्टवेअरचा तयार चेहरा, म्हणजे त्याची पाने आणि थीम, बाजूला ठेवायचा, आतले यंत्र तेवढे वापरायचे. दर्शनी पाने आपण स्वतंत्र बांधतो. ती पाने लेख वर्डप्रेसकडे मागतात, किंमत आणि साठा दुकानाकडे मागतात, आणि दोन्ही एकत्र मांडून दाखवतात. या मागणीची ठरलेली रीत म्हणजे एपीआय. कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला तर कोणत्या रूपात उत्तर मिळेल, याचा तो करार असतो. वर्डप्रेसच्या 4.7 या आवृत्तीत, डिसेंबर 2016 मध्ये, लेख असे बाहेर देण्याची सोय मुळातच आली. शॉपिफायकडेही बाहेरच्या पानांसाठी वेगळा एपीआय आहे.

हेडलेसचे आकर्षण मोठे आहे. लेखाच्या मधोमध पुस्तक, पुस्तकाच्या पानावर लेखकाची मुलाखत, सगळे एकजीव. पण किंमतही तशीच. तयार थीममध्ये फुकट मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे कार्टची खिडकी, सवलतीचा कोड, शोध, प्रसिद्ध करण्याआधी पान पाहण्याची सोय, यातली प्रत्येक पुन्हा बांधावी लागते आणि पुढे सांभाळावी लागते. पगारावरचा किंवा कायम हाताशी असलेला प्रोग्रामर नसेल तर प्रकाशकाने या वाटेला जाऊ नये. एकदा बांधून देऊन निघून गेलेल्या माणसाच्या भरवशावर हेडलेस साइट टिकत नाही.

4. कोणत्या माहितीचा मालक कोण?

जोडणी फसते ती बहुतेक वेळा प्रोग्राममुळे नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणी ठरवले नाही म्हणून. लग्नघराचे पाहा. पाहुण्यांचे स्वागत, मांडव, आहेर हे घरच्यांकडे असते आणि जेवण केटररकडे. किती ताटे उठली याचा हिशोब एकाच माणसाने ठेवला तर भांडण होत नाही. दोघांनी वेगळा ठेवला की रात्री दोन आकडे समोर येतात आणि खरा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या प्रकाशकाचे एकच पुस्तक घेऊ. त्याची माहिती किती प्रकारची? नाव, लेखक, मुखपृष्ठ, पाने, आयएसबीएन, किंमत, सवलत, शिल्लक प्रती, वजन, मलपृष्ठावरचा मजकूर, एक निवडक प्रकरण, दोन परीक्षणे, लेखकाची मुलाखत. यातली किंमत, सवलत, शिल्लक आणि वजन ही दुकानाची मालमत्ता. वजन का, तर टपालखर्च त्यावर ठरतो. प्रकरण, परीक्षणे आणि मुलाखत ही वर्डप्रेसची. मलपृष्ठाचा मजकूर दोन्हीकडे लागतो, आणि इथेच घोळ होतो. तो कुठे तरी एकाच ठिकाणी लिहायचा आणि दुसरीकडे तिथून न्यायचा, हे आधी ठरवून कागदावर उतरवायला हवे.

न ठरवल्यास काय होते? संपादकाने लेखात हाताने लिहिले, "किंमत 350 रुपये". पुढच्या वर्षी कागद महागला, नवी आवृत्ती 400 रुपयांना आली, दुकानात किंमत बदलली. लेखात मात्र 350 तशीच. वाचक 350 वाचून दुकानात जातो आणि 400 पाहतो. त्याला ही फसवणूक वाटते, आणि तसे वाटण्यात त्याचे काही चुकत नाही. दोनशे पुस्तके आणि हजार लेख असतील तर हे हाताने शोधून दुरुस्त करणे कोणालाच जमत नाही. म्हणून नियम एकच: किंमत लेखाच्या मजकुरात कधीही लिहायची नाही.

दोन्हीकडची माहिती एकाच पुस्तकाची आहे हे संगणकाला कळण्यासाठी एक सामाईक खूण लागते. इतर मालाला दुकानदार स्वतःचा क्रमांक देतात, त्याला एसकेयू म्हणतात. पुस्तकवाल्यांचे नशीब चांगले. त्यांच्याकडे आयएसबीएन तयारच असतो. 1 जानेवारी 2007 पासून तो 13 आकडी आहे, भारतातल्या पुस्तकांचा 978-81 किंवा 978-93 ने सुरू होतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना चूक झाली तर ती पकडता येते. दिवाळी अंक, भेटसंच, जुनी पुस्तके यांना आयएसबीएन नसेल तर स्वतःचा क्रमांक द्या. नावावरून जुळवणी मात्र कधीच करू नका. त्याचे कारण पुढच्या भागात येईल.

आता साठ्याचा हिशोब पाहू. एका पुस्तकाच्या तीन प्रती उरल्या आहेत. सकाळी अकरा वाजता लेखाच्या पानाची कॅशे प्रत तयार झाली, तिच्यात लिहिले आहे "3 शिल्लक". अकरा वाजून पाच मिनिटांनी साहित्य संमेलनातल्या गाळ्यावर दोन प्रती विकल्या गेल्या. अकरा दहाला नागपूरचा वाचक लेख उघडतो, 3 पाहतो आणि दोन प्रती मागवतो. पान चुकीचे आहे, पण नुकसान अजून झालेले नाही. ते तेव्हाच होईल जेव्हा दुकान पानावर विश्वास ठेवेल. शहाणे दुकान पैसे घेण्याच्या क्षणी स्वतःचे खाते पुन्हा तपासते आणि सांगते, एकच प्रत आहे. म्हणून लेखात शिल्लक आकडा दाखवूच नये, "उपलब्ध" एवढे पुरे. आणि गाळ्यावरची विक्री त्याच क्षणी दुकानाच्या खात्यात चढवण्याची शिस्त हवी. ती नसेल तर कोणतेही सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही.

दोन यंत्रे एकमेकांना बातमी कशी देतात? एक रीत अशी की वर्डप्रेसने दर काही मिनिटांनी दुकानाला विचारायचे, "काही बदलले का?" दुसरी रीत म्हणजे बदल होताच दुकानाने स्वतःहून कळवायचे. या स्वतःहून पाठवलेल्या निरोपाला वेबहुक म्हणतात. निरोप झटपट जातो, पण त्याचे दोन दोष लक्षात ठेवावे लागतात. तो कधी कधी उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, आणि कधी कधी तोच निरोप दोनदा येतो. "एक प्रत कमी करा" असा निरोप दोनदा आला तर दोन प्रती कमी होतील. "आता दोन प्रती उरल्या" असा निरोप दहा वेळा आला तरी उत्तर दोनच राहील. एवढ्याशा शब्दरचनेने हिशोब वाचतो. जोडणी करणाऱ्याला हे आवर्जून विचारा. आणि रोज रात्री दोन्हीकडच्या आकड्यांचा ताळा घेणारा एक छोटा प्रोग्राम ठेवायलाच लावा. हरवलेले निरोप त्यात सापडतात.

5. सांध्यावर काय दुखते

वाचक लेखातून दुकानात जातो तो क्षण सर्वांत नाजूक. कुकी ज्या पत्त्याने दिली त्याच पत्त्यापुरती चालते. लेख आणि दुकान एकाच डोमेनखाली असतील, एक मुख्य नावावर आणि दुसरे सबडोमेनवर, तर दोघांना एक कुकी वाटून घेता येते. लेखाच्या पानावरही "कार्टमध्ये 2 वस्तू" दाखवता येते. दोन वेगळी डोमेन असतील तर ब्राउझर त्या कुकीला परकी समजतो. अ‍ॅपलच्या सफारीने मार्च 2020 पासून अशा सर्व परक्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली. म्हणून जोडणीचा पहिला निर्णय डोमेनचा. दोन्ही एकाच नावाखाली घ्या.

लॉगिनचेही तसेच. वाचकाला लेखांची वर्गणी भरायला एक पासवर्ड आणि पुस्तक घ्यायला दुसरा, असे करू नये. एकच खाते दोन्हीकडे चालवणे शक्य आहे, पण खर्चिक आहे. ते परवडत नसेल तर दुकानात खाते न उघडता खरेदी करू द्यावी. अनेकांना तेवढेच हवे असते.

मराठी साइटच्या वाट्याला आणखी दोन दुखणी येतात. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात ती क्वचितच दिसतात, म्हणून इथे थोडे थांबू.

पहिले दुखणे पत्त्याचे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून यूआरएल बनवते. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेते, आणि यूआरएलमध्ये लिहिताना त्या तीन बाइटांची नऊ चिन्हे होतात. 'ज्ञानेश्वरी' या एका शब्दात अशा अकरा खुणा आहेत, म्हणजे 99 चिन्हे. वर्डप्रेसच्या तक्त्यात या जागेची मर्यादा 200 चिन्हांची. दोन-तीन शब्दांतच शीर्षक कापले जाते. मग दोन लांब शीर्षके सारख्याच तुकड्यावर कापली जातात, आणि दुकानातून लेखाकडे दिलेला दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टक्केचिन्हांची लांबलचक ओळ होऊन फिरतो. उपाय साधा आहे. शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत आणि छोटा द्या, आणि लेख व पुस्तक दोन्हीकडे तो एकाच पद्धतीने लिहा.

दुसरे दुखणे शोधाचे. वाचक लेखकाचे नाव शोधतो. वर्डप्रेसचा शोध त्याला लेख देतो, पुस्तके देत नाही, कारण पुस्तके दुकानात आहेत. दोन्हीकडे एकदम शोधणारी वेगळी सेवा जोडता येते. तरी मराठी लिहिण्याच्या तऱ्हा आड येतात. कोणी 'पु. ल.' लिहितो, कोणी 'पु.ल.', कोणी 'पुलं'. त्याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द कागदावर एकच आहेत, पण संगणकात पहिल्यात 'ऱ' हे वेगळे अक्षर आहे आणि दुसऱ्यात साधा 'र' आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण. वेगवेगळ्या कीबोर्डांतून वेगवेगळे उमटते. संपादकाने एका तऱ्हेने टाइप केले आणि दुकान सांभाळणाऱ्याने दुसऱ्या, तर संगणकाला ती दोन वेगळी पुस्तके वाटतात. नावावरून जुळवणी करू नका असे वर म्हटले ते यासाठी. शोधातही दोन्ही रूपे एकाच रूपात आणण्याची पायरी आधी घालावी लागते. काम तासाभराचे आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय होत नाही.

6. पैसे, कर आणि नियम

दुकान वेगळे ठेवण्याचा एक फायदा निर्विवाद आहे. कार्डाचे तपशील आपल्या लेखांच्या सर्व्हरला शिवतच नाहीत. कार्डांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला 2004 पासून पीसीआय डीएसएस हे सुरक्षेचे निकष लागू आहेत, आणि रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना कार्डाचे मूळ क्रमांक साठवून ठेवायला मनाई केली आहे. त्या जागी टोकन, म्हणजे बदली क्रमांक, चालते. चेकआउट व्यासपीठाच्या आणि पेमेंट गेटवेच्या पानावर झाले तर यातला मोठा भार त्यांच्यावर जातो. यूपीआयचेही व्यवहार तिथेच पूर्ण होतात. पण म्हणून वर्डप्रेसकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एखाद्या जुनाट प्लगइनमधून कोणी शिरला आणि खरेदीचा दुवा बदलून भलत्याच पानाकडे वळवला, तर वाचकाचे पैसे बुडतील आणि नाव आपले जाईल.

कराचा भाग दुकानानेच सांभाळायचा. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. ज्यांची छापील आवृत्तीही आहे अशा ई-पुस्तकांवर तो 2018 पासून 5 टक्के आहे. एकाच कादंबरीच्या दोन रूपांना दोन दर, म्हणून दुकानात त्या दोन वेगळ्या वस्तू नोंदवाव्या लागतात, जरी लेखात ते एकच पुस्तक असले तरी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये आले. त्यांनुसार विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निराकरण महिनाभरात करावे लागते. लेखांची साइट आणि दुकान वेगळे असले की ही माहिती बहुधा एकाच ठिकाणी टाकली जाते आणि दुसरीकडे राहून जाते. वाचक तक्रार करायला लेखाच्या पानावरूनही येतो. दोन्हीकडे द्या.

7. मग कोणी काय करावे?

दुकानच मुख्य आणि महिन्याला दोन लेख, असे असेल तर दुकान-व्यासपीठात जी लेखांची साधी सोय असते तीच वापरा. लेखच मुख्य आणि चार-पाच पुस्तके विकायची असतील तर खरेदी बटण पुरते. दोन्ही सारख्याच तोलाची असतील आणि दोन्हीकडे वेगळी माणसे काम करत असतील, तरच दोन व्यवस्था ठेवून नीट जोडणी करावी. आपला पुण्याचा प्रकाशक या तिसऱ्या गटात मोडतो. त्याच्या संपादकांना दुकानाची बटणे समजून घ्यायची गरज नाही, आणि गोदाम सांभाळणाऱ्याला लेखांच्या मसुद्यांत शिरायची नाही.

त्याला आणखी एक फायदा मिळतो, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. चांगला लेख दहा-पंधरा वर्षे वाचला जातो. दुकानाचे तंत्र मात्र चार-पाच वर्षांत बदलावेसे वाटते: दर वाढतात, नवे व्यासपीठ येते, गेटवे बदलतो. दोन्ही वेगळे असतील तर दुकान बदलताना हजार लेखांना हात लावावा लागत नाही आणि बाहेरून त्यांच्याकडे येणारे दुवे तुटत नाहीत. आयएसबीएन हीच खूण धरलेली असेल तर नवे दुकान जुन्या लेखांना काही दिवसांत जोडता येते.

खर्च धरताना व्यासपीठाचे मासिक शुल्क एकटे धरू नका. गेटवेचे कमिशन, व्यासपीठ स्वतःचे गेटवे सोडून दुसरे वापरल्याबद्दल वेगळे शुल्क घेते का ते, वर्डप्रेसचे होस्टिंग, आणि वर्षातून निदान दोनदा जोडणी तपासणाऱ्या माणसाचे मानधन, हे सगळे मिळून खरा आकडा होतो.

आणि वेळ नीट निवडा. दिवाळी अंकाची नोंदणी सुरू व्हायच्या तोंडावर जोडणीचे काम काढू नका, ते उन्हाळ्यात उरकून घ्या. काम झाल्यावर पहिली ऑर्डर स्वतः द्या. मोबाइलवरून लेख उघडा, पुस्तक निवडा, यूपीआयने खरे पैसे भरा, साठा एकने कमी झाला का पाहा, बिल मराठीत नीट उमटले का पाहा. मग ती ऑर्डर रद्द करा, पैसे किती दिवसांत परत आले ते लिहून ठेवा आणि ती प्रत साठ्यात परत चढली का ते तपासा. हे सगळे एकदा बिनचूक पार पडल्याशिवाय वाचकांना दुकानाचा पत्ता देऊ नका.